आखाजीपर्यंत उजवा कोपरा

मी एका माणसाच्या उजव्या गुडघ्यावर राहिले. माझं गाव कोणतं म्हणून विचारलंत तर मी तेच सांगेन. जन्म तिकडं सुरतेच्या बाजूला एका कारखान्यात झाला खरा, पण तिथलं मला यंत्रांच्या खडखडाटापलीकडं काही आठवत नाही. मी गुडघ्याची पट्टी आहे. सुती धाग्यात रबराचे बारीक दोरे विणून मला बनवलं. रंगानं मी आधी पांढरी होते, पण मैदानावरच्या मातीनं तो रंग पहिल्याच आठवड्यात खाऊन टाकला.

मला दोनच कामं येतात, ताणायचं आणि आवळायचं. बोलता येत नाही, ओरडता येत नाही, कुणाच्या बाहीला धरून थांबवता येत नाही. आज सांगतेय ते तुम्ही ऐकताय म्हणून. तेव्हा मला तोंड असतं तर एका माणसाचा पाय वाचला असता, असं मला अजूनही वाटतं. वाटून काय उपयोग, ते सोडा. पहिल्यापासून सांगते.

जळगावला रतिलालचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या काचेच्या कपाटात मी आणि माझी जोडीदारीण, अशा दोघी कागदात गुंडाळून पडलो होतो. अडुसष्टच्या दिवाळीनंतर एक दिवस काळी टोपी घातलेले एक शेठ दुकानात आले. धुळ्याला त्यांची जीन होती. कापसातली सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, त्या कारखान्याला आमच्याकडं जीनच म्हणतात. शेठचं नाव दलिचंद. त्यांच्याबरोबर त्यांच्या जीनमधला फिटर छगन होता. त्यानं मला दोन्ही हातांनी असं काही ताणलं की माझा जीव कासावीस झाला.

"तुटली तर दुकान बंद करून घरी बसेन, शेठ," रतिलाल म्हणाला.

"तू बसशील रे घरी," शेठ म्हणाले, "पण आमच्या गड्याची मांडी तू बघितली नाहीस. छगन, पुरेल का रे त्याला?"

"पुरेल, शेठ. पण हिचे हाल होणार!" असं म्हणून छगन हसला. तो ते थट्टेनं बोलला होता.

तो गडी म्हणजे कुवरसिंग. शिरपूरच्या पलीकडं, सातपुड्याच्या पायथ्याला पावरा लोकांचे पाडे आहेत, त्यांतल्या एका पाड्यावरचा. शरीरानं तो दाराएवढा रुंद आणि स्वभावानं असा, की दारातून जाताना दुसऱ्याला आधी वाट द्यायची. पहिल्यांदा त्यानं मला पायात चढवलं तेव्हा मी पोटरीवरच अडकले. त्यानं मला जोर लावून ओढलं नाही, हळूहळू फिरवत फिरवत वर घेतलं. तेवढ्यानंच मला तो आवडला. माझी जोडीदारीण डाव्या गुडघ्यावर गेली. कबड्डीत कुवरसिंग उजवा कोपरा सांभाळायचा, आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर यायचा. त्यामुळं ती शेवटपर्यंत सुखात राहिली. मी तिचा हेवा करत नाही.

तो शेठच्या संघात कसा आला, ते छगन ट्रकमधून सामन्यांना जाताना दर वेळी सांगायचा. दर वेळी त्यात थोडं मीठमसाला वाढायचा, पण मूळ गोष्ट एवढीच. कुवरसिंग बरीच वर्षं खाली सपाटीवर सालदार होता. साल म्हणजे आखाजी ते आखाजी एका मालकाकडं राबायचं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, मालक नवं धोतर, सदरा आणि नारळ हातात देतो आणि वर्षाचा शब्द पक्का होतो. मग मध्येच सोडून जाता येत नाही. कामावर आला नाही तर तो खाडा, आणि जितका खाडा पडला तितके दिवस आखाजीनंतर राबून भरून द्यायचे. तर त्या वर्षी आखाजीच्या आधीच त्याचं साल फिटलं होतं, तो घरी निघाला होता. वाटेत धुळ्याला चार दिवस गाठी चढवायचं काम मिळालं म्हणून तो जीनवर थांबला.

दुपारच्या सुट्टीत जीनच्या पटांगणात गडी कबड्डी खेळत. एक भिडू कमी पडला म्हणून त्यांनी कुवरसिंगला ओढून उजव्या कोपऱ्यात उभं केलं. आपल्याला पकडणारा धुळ्यात जन्मला नाही, असं छगन तेव्हा जाहीरपणे सांगायचा. तो ऐटीत चढाईला आला, कुवरसिंग खाली बसला आणि त्यानं छगनचा घोटा धरला. छगनचा दम संपला, शिट्टी वाजली, सगळ्यांनी आरोळी ठोकली. कुवरसिंग घोटा सोडेना.

"अरे सोड! झालं ना!" छगन बोंबलला.

"भाऊ सांगतीन तवय सोडसू," कुवरसिंग म्हणाला. काट्यापाशी गाठींचं वजन बघत उभ्या असलेल्या शेठकडं त्यानं मान वळवली होती. बाकी सगळे त्यांना शेठ म्हणत. कुवरसिंग भाऊ म्हणायचा, सालदार मालकाला म्हणतो तसं.

शेठना हसू आवरेना. "सोड रे बाबा, त्याचा पाय हातात येईल!" म्हणत ते पटांगणात आले. त्या दिवशी नेमकी आखाजी होती. हमालांना वाटायला आणलेले कपडे गादीवर होते, पूजेचा नारळ होता. शेठनी एक धोतर, एक सदरा आणि तो नारळ उचलून कुवरसिंगच्या हातावर ठेवला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "येत्या आखाजीपर्यंत उजवा कोपरा तुझा. कुठं जायचं नाही, कळलं?"

शेठनी बक्षीस दिलं होतं. कुवरसिंगनं साल घेतलं होतं.

दोघांपैकी कुणाचंच काही चुकलं नव्हतं, आणि दोघांनीही पुढं तीन वर्षं हा विषय काढला नाही. पाड्यावर त्याची बायको कस्तुरा वाट बघत होती. टेकडीच्या उतारावर त्यांनी दोघांनी मिळून झाडझुडूप काढून एक वावर तयार करायला घेतलं होतं. पण साल ठरल्यावर सालदार घरी कसा जाणार?

पहिली दोन वर्षं काय सांगू! मी इतकी मिरवले की विचारू नका. अमळनेर, चोपडा, पाचोरा, शहादा, जिथं कुठं सामने भरत तिथं लोक आधी विचारत, "जीनचा कुवरसिंग आला का?" चढाई करणाऱ्याचं नाव होतं, त्याला हार पडतात, कोपऱ्यातल्या माणसाकडं सहसा कुणी बघत नाही. तो आपला रेघेजवळ वाकून बसतो, समोरच्याच्या पायांकडं बघतो आणि एका क्षणासाठी सगळं अंग फेकतो. तरी कुवरसिंगला लोक बघायला यायचे ही मोठी गोष्ट होती. तो वाकला की मला त्याच्या गुडघ्याची वाटी हलताना कळायची. दोरीसारखे स्नायू ताठ व्हायचे, आणि मग जमीन यायची. उन्हाळ्यात ती जमीन दगड होते, हो. पाणी मारून मऊ केली तरी तासाभरात परत दगड. प्रत्येक सूर मीच आधी झेलायचे.

शेठची एक गंमत होती. ते जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नसत. सामना जिंकला की संघाला त्यांच्याच पंगतीला जेवण असायचं, त्यामुळं सामना रंगात आला की बाकीचे गुणफलकाकडं बघत आणि शेठ पश्चिमेकडं बघत. "छगन, आटप रे, सूर्य चालला!" असं ते मैदानाबाहेरून ओरडत, आणि प्रेक्षकांना वाटे ही काहीतरी डावाची खूण आहे.

दुसऱ्या आखाजीलाही शेठनी धोतर, सदरा आणि नारळ दिला. आता ती त्यांच्या संघाची रीतच झाली होती. तिसऱ्या वर्षी होळीला जीनला सुट्टी होती, तेव्हा कुवरसिंग भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या बाजाराला दोन दिवस पाड्याकडं गेला. तिथं कस्तुरा त्याला भेटली. ते दोघं आपल्या पावरी बोलीत बोलायचे. ती बोली मला हळूहळू कळायला लागली होती. मी त्याच्या पिशवीत होते.

"उतारावरची माती गेल्या पावसातही वाहून गेली," ती म्हणाली. "बांध घालायला दुसरे दोन हात लागतात. कधी येणार?"

"ही आखाजी झाली की सांगतो, आता घरी जातो म्हणून."

"नक्की सांगशील?"

"सांगतो."

आखाजी आली. मी स्वतः तिथं होते, सरावानंतर त्यानं मला काढलंही नव्हतं. तो शेठपुढं उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं, आणि शेठनी हसत त्याच्या हातावर नारळ ठेवला. "येत्या आखाजीपर्यंत, काय?" त्यानं तोंड मिटलं. नारळ हातात आल्यावर तो काय बोलणार? मला त्या दिवशी त्याचा फार राग आला होता. आता येत नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात देवपूरच्या मैदानावर ते झालं. समोरचा चढाईवाला निसटून मध्यरेषेकडं पळाला. कुवरसिंगनं त्याचा घोटा धरून अंग वळवलं, आणि पाय मात्र मातीत रुतलेलाच राहिला. आत काहीतरी सुटलं. आवाज बाहेर आला नाही, मला मात्र तो स्पष्ट कळला. पकड झाली, टाळ्या वाजल्या. मी जिवाच्या आकांतानं आवळून धरलं. दुसरं मला येतच काय होतं?

आणि तिथंच सगळं उलटं होत गेलं. मी घट्ट बसले की गुडघा जागेवर राहायचा. गुडघा जागेवर राहिला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की तो खेळायचा. सैल व्हावं, गळून पडावं, म्हणजे तरी हा थांबेल, असं मला रोज वाटे. पण रबर कधी सैल व्हायचं ते रबराच्या हातात नसतं.

जीनचा पहारेकरी झुलाल संघाला तेल लावायचा. वयानं मोठा होता, सगळे त्याला आबा म्हणत. त्यानं मला खाली सरकवलं आणि गुडघ्यावर बोट दाबलं तेव्हा बोटाचा खळगा तसाच राहिला.

"दुखस का रे?" झुलालनं विचारलं.

"जरासं फुगेल शे, आबा."

"मंग भाऊले सांग ना."

"साल चालू शे ना, आबा. आखाजी लगून कसं सांगू? खाडा पडी तर आखाजीना नंतर भरना पडी. कस्तुरा वाट देखी राहिनी."

"हां," झुलाल म्हणाला, "ते तं शेच." त्यानंही जन्मभर सालंच केली होती. त्याला यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. त्यानं आणखी थोडं तेल घेतलं, पाय चोळला आणि मला परत वर सरकवलं. हे बोलणं त्यानं शेठना का सांगितलं नाही म्हणून मी त्याला दोष कसा देऊ? भाऊंना हे ठाऊकच असणार, असं तो धरून चालला होता.

संक्रांतीच्या सुमाराला शेठच्या घरी जेवण होतं. शेठच्या पत्नी चंदनबाई स्वतः वाढायच्या. गडी त्यांना अक्का म्हणत. त्या वर्षी त्यांनी वर्षीतप धरलं होतं. एक दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी, एक दिवस जेवण, असं वर्षभर. आणि सांगता व्हायची ती आखाजीला, उसाच्या रसानं पारणं करून. त्या दिवशी त्यांचा उपास होता. तरी एकेकाच्या ताटात बाटी कुस्करून वर तूप सोडत त्या पंक्तीतून फिरत होत्या. कुवरसिंगपाशी आल्या आणि थांबल्या. सगळे मांडी घालून बसले होते, त्याचा उजवा पाय मात्र ताटाच्या बाजूनं लांब पसरलेला.

"पाय का रे असा? दुखतो का?"

"नही, अक्का." त्यानं पाय जवळ घ्यायचा प्रयत्न केला. माझे धागे करकरले. पाय आला नाही.

"अहो, इकडं या जरा," अक्कांनी शेठना हाक मारली. "याचा पाय वळत नाही बघा."

शेठ हातातलं ताट ठेवून आले. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! आता हा सांगणार, आता शेठ ऐकणार. शेठ त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "कुवरसिंग, खरं सांग. दुखत असेल तर बस घरी. कोपऱ्यात दुसरा उभा करू. खेळ काय, होतच राहतो."

कुवरसिंगनं मान खाली घातली. "नही, भाऊ. आखाजी लगून मी सोडाव नही."

शेठनी अक्कांकडं बघितलं, अक्कांनी शेठकडं. मी दोघांचे चेहरे बघितले आणि माझी आशा तिथंच संपली. आखाजीपर्यंत! त्या घरात त्या वर्षी आखाजीपर्यंत म्हणजे एकच होतं. आपल्यासारखाच या गरीब माणसानंही काही नेम धरलाय, देहाला कष्ट देऊन तो पार पाडतोय, असं त्यांना वाटलं. तप करणाऱ्याला कुणी मोडता घालायचा नसतो. तू थांब, तू सोड, असं म्हणणं हेही त्यांच्याकडं पाप. अक्कांनी तुपाची वाटी खाली ठेवून त्याला हात जोडले.

"पार पडू दे रे बाबा तुझं," त्या म्हणाल्या.

कुवरसिंग गोंधळला. अक्कांनी हात का जोडले ते त्याला कळलं नाही. मालकिणीनं हात जोडल्यावर काय करायचं असतं तेही ठाऊक नव्हतं. त्यानं घाईघाईनं डोकं टेकवलं. पंगत पुढं चालू झाली. त्या घरात एवढी माणसं होती, एकमेकांवर माया करणारी, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

नंतर शेठनी पुन्हा कधी विचारलं नाही. उलट छगनला बजावलं, "त्याला खेळू नको म्हणायचं नाही. त्याचा काही नेम आहे." छगनही मग कुवरसिंगशी जरा अदबीनं वागायला लागला. चढाईवाले कोपऱ्याकडं यायला आधीसारखे भीत नव्हते, पकडी सुटायला लागल्या होत्या, तरी कुणी बोललं नाही. सकाळी उठताना तो आधी डाव्या पायावर उभा राहायचा, मग भिंतीला धरून मला चढवायचा. मला हातात घेऊन थोडा वेळ बसून राहायचा, आणि म्हणायचा, "चाल माय, थोडंच ऱ्हायनं." मला माय म्हणणारा तो एकटाच.

आखाजीला थोडेच दिवस उरले असताना जळगावला पिंप्राळ्याच्या मैदानावर शेवटचा सामना झाला. समोर एका डाळमिलचा संघ होता, आणि त्यांचा भटू नावाचा चढाईवाला त्या हंगामात कुणाला हाती लागला नव्हता. ऊन कलत आलं होतं. दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटची चढाई भटूची होती. तो आला तो थेट उजव्या कोपऱ्याकडंच आला. लंगडा कोण आहे ते खेळाडूला बरोबर कळतं.

नको जाऊ, असं मी म्हणाले. कशानं म्हणाले? आवळून. जेवढं आवळता येईल तेवढं आवळून. आणि त्यामुळंच कुवरसिंगला उठता आलं.

त्यानं घोटा धरला. भटूनं सगळा जोर लावून झटका दिला, त्याच्या अंगावरून उडी घ्यायला गेला, आणि दोघांचा भार आडवा त्या गुडघ्यावर आला. मला वाटी सरकल्याचं कळलं. बाजूची शीर तुटल्याचं कळलं. कुवरसिंगनं हात सोडले नाहीत. शिट्टी वाजली.

मग लोक धावत आत आले. छगननं आनंदानं वेडा होऊन त्याला खांद्यावर उचललं, आणि आधारासाठी नेमका उजवा गुडघा घट्ट धरला. त्याची बोटं माझ्यात रुतली, माझ्याखालच्या मोडलेल्या जागेत रुतली. कुवरसिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघा, बघा, गडी रडतोय आनंदानं!" कुणीतरी ओरडलं. शेठचेही डोळे भरून आले होते. त्यांनी त्या दिवशी सूर्याकडं बघितलंसुद्धा नाही. साऱ्या मैदानाला त्या मिरवणुकीनं एक फेरी मारली आणि मी त्याच्या गुडघ्यावर बसून ती फेरी पुरी केली.

धुळ्याला दवाखान्यात नेलं तेव्हा पाय घड्याएवढा सुजला होता. डॉक्टरांनी मला काढायला कात्री घेतली.

"कापू नका, साहेब," कुवरसिंग म्हणाला. "संघनी शे ती."

मग झुलालनं तेल लावून मला तसूतसूनं खाली उतरवलं. किती वेळ लागला ते सांगत नाही. डॉक्टरांनी पाय बघितला आणि शेठना बाहेर नेऊन सांगितलं की आतलं फार आधीच तुटलेलं होतं, तेव्हा स्वस्थ बसला असता तर भरून आलं असतं. आता पाय सरळ राहील, वाकणार नाही. शेठ म्हणाले, "त्याचं व्रत होतं, डॉक्टर. आम्ही कसं अडवणार?"

आखाजीच्या दिवशी शेठच्या घरी अक्कांचं पारणं होतं. घर पाहुण्यांनी भरलं होतं. शेठनी कुवरसिंगला गाडी पाठवून आणवलं, ओटीवर खाटेवर बसवलं. पायाला कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं, आणि मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होते. अक्कांनी उसाचा रस घेतला, सगळ्यांनी जयजयकार केला. मग शेठ स्वतः दोन्ही हातांत एक पेला घेऊन ओटीवर आले. मागं अक्का होत्या.

"घे, कुवरसिंग. अक्काचं झालं, आता तुझं पारणं."

"मनं कसानं, भाऊ?"

"तुझ्या व्रताचं. आखाजीपर्यंत सोडणार नाही म्हणाला होतास ना?"

"वरत नही, भाऊ," कुवरसिंग म्हणाला. त्याला वाटलं शेठ थट्टा करताहेत, म्हणून तो जरासा हसलाही. "साल व्हतं ना. तुम्हीनच सांगं व्हतं, आखाजी लगून कोठे जावानं नही. आज साल भरनं. पन सामना व्हयना तवयपाईन मी पडेल शे, तेवढा खाडा पडना. तो भरीसन मी घर जाऊ का?"

शेठ पेल्यासकट त्याच्याकडं वाकले. रस सांडून त्यांच्या पांढऱ्या धोतरावर पडला. "कसलं साल? अरे, कसलं साल रे? तुला कुणी बांधून ठेवलं होतं? एकदा, एकदा तरी म्हणायचं, पाय दुखतो म्हणून!"

"साल चालू व्हतं, भाऊ."

अक्का खाटेशेजारी जमिनीवरच बसल्या, प्लास्टरवर हात ठेवला आणि त्या बाई सगळ्या पाहुण्यांदेखत हुंदके देऊन रडल्या. शेठ पुन्हा पुन्हा सांगत होते, खाडा नाही, काही नाही, तू आजच घरी जा, मी गाडी देतो, माणूस देतो. कुवरसिंग मान हलवत होता. मालक मोठ्या मनाचा म्हणून आपण शब्द बुडवायचा, हे त्याला पटत नव्हतं. शेवटी शेठच थकले. पडून राहिला तितके दिवस तो जीनच्या फाटकाशी, पाय समोर लांब करून, झुलालच्या शेजारी बसला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजून आत सांगायचा. शेठ त्या दिवसांत पुढच्या फाटकानं आले नाहीत, मागच्या दारानं यायचे.

नंतर तो घरी गेला. शेठनी पुढं संघ मोडला आणि आखाजीला कुणालाच नारळ द्यायचं बंद केलं, असं छगन एकदा भेटायला आला तेव्हा सांगत होता. कुवरसिंगला त्याचं वाईट वाटलं. शेठची तेवढी आवड होती, म्हणाला.

कस्तुरानं त्याला बैलगाडीतून उतरताना बघितलं, तेव्हा एवढंच विचारलं, "वाकतो का?"

"नाही."

तिनं त्याची पिशवी गाडीतून उतरवली. मग म्हणाली, "बैल मी धरते. तू दगड दाखव, कुठला कुठं लावायचा ते." त्या पावसाळ्याआधी तिनं एकटीनं उतारावर बांध घातला. तो खाली बसून काठीनं दाखवत राहिला. त्याचे ते हात, छगनसारख्याला जागच्या जागी रोवणारे, मांडीवर रिकामे पडलेले असत. मला त्या हातांकडं बघवत नसे.

आता काही वर्षं झाली. तो रोज सकाळी काठी टेकत टेकडी चढतो, पाय बाजूनं ओढत, अर्ध्या वाटेपर्यंत. त्याच्यापुढं त्याला जाता येत नाही. वावर वर आहे. रोज निघताना तो मला पायात चढवायचा. न वाकणाऱ्या गुडघ्याला पट्टी कशाला? पण त्याची सवय. माझ्यातलं रबर केव्हाच मेलं होतं. मी चार पावलांत घोट्यावर यायचे, तो थांबून काठीच्या टोकानं मला वर ढकलायचा.

परवा मी चढावर मोहाच्या झाडाखाली त्याच्या पावलावरूनही निसटले. तो पुढं जाऊन थांबला, वळला. त्यानं काठीनं मला उचलायचा प्रयत्न केला, मी घरंगळले. तो काठीला धरून खाली वाकू लागला. पाय तसाच ताठ. हात माझ्यापासून वीतभर अंतरावर आला आणि पुढं येईना. त्याला खाली येता येत नव्हतं, मला वर जाता येत नव्हतं. वर बैलांमागं कस्तुरा होती, एक हाक पुरली असती. त्यानं तिला हाक मारली नाही. थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि काठी टेकत तो निघून गेला.

तेव्हापासून मी इथं आहे. मुंग्या माझ्या धाग्यांतून जातात-येतात. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्ही भली माणसं दिसता, म्हणून एक मागणं मागते. मला उचलून त्याच्या घरी नेऊन देऊ नका. तुम्ही वाट वाकडी करून आणलीत म्हटल्यावर तो नको म्हणायचा नाही. तो पट्टी घेईल, तुम्हाला पाणी देईल, आणि तुमच्या देखतच भिंतीला धरून ती पायात चढवायला लागेल. मला इथंच राहू द्या.